दोन फॉर्ममधलं अंतर

त्या साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जाऊ नये याची मी काळजी घेते. जरा निवतोय असं वाटलं की मोबाईलमधला त्यांच्या निरोप समारंभाचा फोटो काढून बघते. अंगावर शाल, हातात नारळ, चेहऱ्यावर समाधान. कुणीतरी ग्रुपवर टाकला होता, मी तो जपून ठेवलाय. माझी बहीण म्हणते, सोड ना आता, तुझंच डोकं दुखतं. दुखू दे.

साहेब म्हणायची सवय लागली म्हणून साहेब म्हटलं. यापुढे मी त्याला 'तो'च म्हणणार आहे.

सुप्याच्या एमआयडीसीत, गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या एका कारखान्यात मी सहा वर्षं कॉम्प्युटर ऑपरेटर होते. भिंगारहून कंपनीची बस सकाळी साडेसहाला निघायची. कामरगावचा घाट उतरेपर्यंत निम्मी बस झोपलेली असायची आणि मी मोबाईलवर काहीतरी शिकत बसलेली असायचे. तो आमचा सेफ्टीचा साहेब. कारखान्यात कुणाला इजा होऊ नये हे त्याचं काम. माझं काम त्याचे कागद सांभाळायचं.

त्या कागदांत सगळ्यात जास्त फॉर्म 'निअर मिस'चे. निअर मिस म्हणजे होता होता राहिलेला अपघात. पाय घसरला पण माणूस पडला नाही, पत्रा सटकला पण लागला नाही, असं काही झालं की ते कळवायचं, म्हणजे पुढचा खरा अपघात टळतो. कल्पना चांगली आहे. मला आजही ती चांगली वाटते, म्हणून तर एवढा संताप होतो.

प्रत्येक कामगारानं महिन्याला दोन फॉर्म भरायचे असा पुण्याच्या हेड ऑफिसचा हुकूम होता. फॉर्म वेबसाईटवर, तोही इंग्रजीत, बारा रकाने. कॅन्टीनजवळ एक कॉम्प्युटर ठेवला होता, पण अर्ध्या तासाच्या सुट्टीत जेवायचं की टाईप करायचं? मग लोक माझ्या टेबलापाशी यायचे, काय झालं ते सांगायचे, मी त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचे आणि नंतर त्यांचा टोकन नंबर टाकून वेबसाईटवर भरायचे. माणसं एकशे चाळीस. फॉर्म दोनशे ऐंशी.

या वेबसाईटची एक खुबी होती. फॉर्ममध्ये 'साफसफाई' हा प्रकार निवडला की तक्रार आपोआप बंद व्हायची. 'मशीन' निवडलं की ती उघडी राहायची, हेड ऑफिसला आणि आमचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीला मेल जायचा आणि दुरुस्ती होईपर्यंत भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लाल चौकोन दिसायचा. त्याला लाल चौकोन आवडत नसत. मी 'मशीन' म्हणून भरलेला एखादा फॉर्म दिसला की तो टेबलापाशी यायचा. "मॅडम, हे कशाला? हे ओपन राहतं. मी मेंटेनन्सला तोंडी सांगतो ना." एकदा त्यानं मला कागदावर सहा वाक्यं लिहून दिली. फरशीवर तेल सांडले होते, पुसून घेतले. वाटेत खोके होते, बाजूला ठेवले. अशी. सहावं वाक्य होतं, मशीन व गार्ड तपासले, व्यवस्थित आहे. गार्ड म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून मशीनला केलेली सोय. म्हणाला, "हेच फिरवून फिरवून टाका. आकडा दोनशे ऐंशी झाला पाहिजे, बाकी काही नको."

दोनशे ऐंशी वेळा तेल पुसून माझी बोटं भरून यायला लागली. तेव्हा मी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे फॉर्म आपोआप भरणारा छोटा प्रोग्राम. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच हौस. बसमध्ये बघितलेल्या व्हिडिओंवरून मला एवढं कळलं होतं की माणूस पानावर जे करतो तेच कॉम्प्युटरकडून करून घेता येतं. पानावर राईट क्लिक केलं की प्रत्येक रकान्याचं आतलं नाव दिसतं. प्रकाराच्या यादीत आपल्याला शब्द दिसतात, आतून ते आकडे असतात. साफसफाई तीन, मशीन सात. शिवाय डोळ्याला न दिसणारा एक रकाना होता, त्यात लांबलचक कोड, पान उघडेल तेव्हा नवा. तो नसला की फॉर्म परत यायचा. हे कळायला मला आठ दिवस लागले. मग माझी स्क्रिप्ट आधी पान उघडायची, कोड उचलायची, एक्सेलमधून टोकन नंबर घ्यायची, सहापैकी एक वाक्य उचलायची, प्रकारात तीन टाकायची आणि पाठवायची. दर वेळी वेबसाईट म्हणायची, 'धन्यवाद! तुमची सुरक्षा हीच आमची जबाबदारी.' पहिल्यांदा चाललं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला माझा फार अभिमान वाटला होता.

पहिल्याच महिन्यात हेड ऑफिसचा मेल आला, की एका मिनिटात पंधरा फॉर्म कसे काय येतात? त्यानं मला बोलावलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. तो हसला आणि म्हणाला, "जरा माणसांसारखं पाठवा की." मग मी दोन फॉर्ममध्ये अंतर ठेवलं. कधी तीन मिनिटं, कधी नऊ, स्क्रिप्टच ठरवायची. जेवणाच्या सुट्टीत थांबायचं. पहिल्या पाळीची माणसं सकाळी, दुसरीची दुपारी. महिन्यात चार-पाच दिवस ती माझ्या टेबलाखाली गपचूप चालत राहायची आणि मी दुसरी कामं करायचे. पुन्हा कुणाचा मेल आला नाही. वार्षिक मीटिंगमध्ये त्यानं पडद्यावर हे सगळं 'माझा डिजिटल उपक्रम' म्हणून दाखवलं. चोरी माझी होती, ती सुद्धा त्यानं स्वतःच्या नावावर घेतली.

माझे वडील भिंगारच्या एका मिलिटरी ऑफिसात टायपिस्ट होते. पत्र कुणाच्याही सहीनं जावो, ते खाली डाव्या कोपऱ्यात आपल्या नावाची दोन अक्षरं टाकायचे. चूक निघाली तर कुणाच्या हातून झाली ते कळलं पाहिजे, म्हणून. मी घरी त्यांना स्क्रिप्टचं कौतुकानं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "आणि तुझी अक्षरं कुठं पडतात?" मी म्हटलं, अण्णा, आता तसं नसतं.

फॉर्म आपोआप जायला लागल्यावर लोकांचं माझ्याकडे येणं थांबलं. एक मावशी मात्र येत राहिली. पत्रा ठोकून आकार देणाऱ्या एका छोट्या प्रेसवर ती अकरा वर्षं काम करत होती. सुप्याच्या अलीकडच्या फाट्यावर बसमध्ये चढायची, डब्यात हमखास ठेचा. जेवून झालं की माझ्यासमोर बसायची आणि म्हणायची, "लिव्ह गं पोरी, आज काय झालं ते." तिला कुणी ऐकून घेतलेलं आवडायचं आणि मला तिचं बोलणं. मी वहीत लिहायचे. वेबसाईटवर तिच्या नावानं तेलच पुसलं जायचं.

मग खंडेनवमी आली.

आमच्या शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, खंडेनवमीला प्रत्येक प्रेसची पूजा व्हायची. हळदकुंकू, झेंडूचा जाड हार, आपट्याची पानं. पूजा झाली की मशीन बंद ठेवायचं नाही, हारासकट एक ठोका मारायचा, शकुनाचा. आणि रीत अशी, की हार दिवाळीची पूजा होईपर्यंत उतरवायचा नाही. सुकला, काळा पडला तरी कुणी हात लावायचं नाही.

मावशीच्या प्रेसला सेन्सर होता. मशीनच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन खांब, त्यांच्यामधून न दिसणारा उजेड जातो. हात आत गेला, उजेड तुटला, की मशीन थांबतं. त्या दिवशी हार लावणाऱ्यानं तो दोन्ही खांबांना बांधला आणि मधली झेंडूची झोळी बरोबर सेन्सरच्या आड आली. शकुनाच्या ठोक्याला मशीन हलेना. मॅनेजर उभे, भटजी उभे, पेढ्यांचं ताट धरून बायका उभ्या. कुणीतरी म्हणालं, हार जरा वर घ्या. दुसरा म्हणाला, पूजेचा हार हलवू नका. मग तो पुढं झाला, खिशातून किल्ली काढली आणि पॅनलवर फिरवली. सेन्सर बंद. मावशीनं पायानं पेडल दाबलं, ठोका पडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

किल्ली फिरवलेली तशीच राहिली. हार आहे तोवर सेन्सर चालू करून उपयोग नव्हता, आणि हार दिवाळीपर्यंत राहणार होता. एवढी साधी गोष्ट. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे मला कबूल आहे. पण ज्याला या एका कामासाठी पगार होता, त्याच्याच खिशात ती किल्ली होती.

चार दिवसांनी मावशी माझ्यासमोर बसली. "पोरी, त्या सेन्सरचं लिव्ह. हात आत गेला तरी मशीन थांबत न्हाई. काल पत्रा अडकला, मी काढाया गेले, आन वरून आलंच की ते. थोडक्यात वाचले."

मी वहीत लिहिलं. त्याला जाऊन सांगितलंही. तो म्हणाला, "हार कोण काढणार? तुम्ही काढता? मग दिवाळीपर्यंत सांभाळून काम करायला सांगा तिला." मी येऊन मावशीला सांगितलं, सांभाळून कर. तिनं परत दोनदा लिहायला लावलं. तिसऱ्या वेळी म्हणाली, "ह्ये वर जातंय ना?" मी म्हटलं, जातंय.

दसऱ्यानंतर दहा-अकरा दिवसांनी, सकाळी पावणेअकराच्या सुमाराला, शॉपमधून ओरडा ऐकू आला. मी प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावले. मावशी स्टुलावर बसलेली होती, उजव्या हाताभोवती कुणाचं तरी उपरणं. पहिली दोन बोटं गेली होती. समोर तो काळा पडलेला हार तसाच लोंबत होता. कंपनीच्या गाडीतून तिला नगरला हॉस्पिटलमध्ये नेलं, बाई माणूस सोबत पाहिजे म्हणून मी गेले. घाटात गाडी हिसके देत होती आणि तिनं डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरलं होतं. रडली नाही. एकदाच म्हणाली, "आता तरी खरं लिव्ह."

तिसऱ्या दिवशी त्यानं मला अपघाताचा अहवाल टाईप करायला बोलावलं. तो सांगत होता, मी टाईप करत होते. सुरक्षा साधने चालू स्थितीत होती. कर्मचाऱ्याने निष्काळजीपणाने हात आत घातला. कर्मचाऱ्यास मशीनवरून कमी करावे व सेवेत ठेवू नये. मग त्यानं एक प्रिंट माझ्यापुढे सरकवली. "हे सोबत जोडा. तिनं स्वतःच त्या दिवशी लिहून दिलंय."

मावशीचा टोकन नंबर. अपघाताच्याच दिवसाची तारीख. मशीन व गार्ड तपासले, व्यवस्थित आहे.

तळपायाची आग मस्तकात गेली. हे वाक्य त्यानं लिहिलेलं, पाठवलं माझ्या स्क्रिप्टनं, आणि ते स्क्रिप्टनं पाठवलंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझ्याकडे बघून तो मंद हसत होता. आपण दोघं एकाच गाडीत आहोत, असं ते हसणं होतं. मी अहवाल पूर्ण टाईप करून दिला. शॉपमध्ये जाऊन बघितलं तर हार गायब होता आणि किल्ली जागेवर फिरवलेली होती. हार आता बरा काढता आला.

मी वेबसाईटवरचे महिन्याचे सगळे फॉर्म एक्सेलमध्ये उतरवून घेतले. प्रिंटवर फक्त तारीख येते. एक्सेलमध्ये वेळही येते. मावशीचा तो फॉर्म गेला होता अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी. त्या वेळी मावशी हॉस्पिटलच्या खाटेवर होती आणि मी तिच्या चपला हातात धरून बाहेर उभी होते. टेबलाखाली माझी स्क्रिप्ट चालूच राहिली होती, माणसांसारखं अंतर ठेवून.

एवढं दाखवलं असतं तरी अहवाल फाटला असता. पण ते दाखवायचं म्हणजे फॉर्म मी पाठवला हे सांगायचं. मला ते नको होतं. मला तो बुडायला हवा होता आणि मी काठावर कोरडी उभी राहायला हवी होते. शिवाय नुसता अहवाल फाटून माझं समाधान होणार नव्हतं. मला त्याचा चेहरा बघायचा होता.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडून माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीची माणसं सेफ्टीच्या तपासणीला येणार होती. मी जुन्या वह्या काढल्या. लोकांनी सांगितलेलं, मी लिहिलेलं, आणि त्यानं 'हे नको' म्हणून मागं ठेवलेलं सगळं एक्सेलमध्ये भरलं. गार्डचा बोल्ट नाही. पेडल आपोआप दबतं. क्रेनची साखळी एका कडीवर आहे. लोकांच्या शब्दांत, जसंच्या तसं. मावशीची तिन्ही शेवटी. एकूण एकसष्ट. प्रकारात तीनच्या जागी सात. आणि दोन फॉर्ममधलं अंतर मी काढून टाकलं. मला माहीत होतं, अंतर नसलं की काय होतं. एकदा मेल येऊन गेला होता. पण मला ते सगळे लाल चौकोन एकदम, त्याच्या तोंडावर पडलेले बघायचे होते. सहा-सहा मिनिटांनी एक अशी कळ मला निघत नव्हती.

त्या दिवशी तो भिंतीवरच्या स्क्रीनसमोर उभा राहून पाहुण्यांना सांगत होता, "आमचा एकही मशीनचा मुद्दा प्रलंबित नाही." मी माझ्या काचेच्या खोलीतून त्याचं बोलणं ऐकत होते. 'नाही' म्हणून त्यानं तोंड मिटलं आणि मी एंटर दाबलं.

एक चौकोन. दोन. पाच. मग मोजता येईनात. हिरवी भिंत चार मिनिटांत लाल झाली. पाहुण्यांचे मोबाईल एकामागून एक वाजायला लागले, कारण मशीनचा मेल त्यांनाही जायचा. तो वळला, स्क्रीनकडे बघितलं, मग काचेतून माझ्याकडे. अहाहा. तो चेहरा मी अजून विसरले नाही आणि विसरणार नाही. आयुष्यात मला एवढा आनंद फार थोड्या वेळा झालाय, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पाचव्या मिनिटाला तो सावरला. हुशार माणूस. पाहुण्यांना म्हणाला, "एका मिनिटात पंधरा-पंधरा फॉर्म! माणूस एवढ्या वेगानं लिहू शकतो का? हे कुणीतरी स्क्रिप्ट चालवून पाठवलंय. हे सगळं खोटं आहे." आयटीच्या माणसानं तिथंच बघून सांगितलं, सगळे एकाच कॉम्प्युटरवरून आलेत. माझ्या. "एक नाराज ऑपरेटर आहे," तो म्हणाला. "जुन्या नोंदी बघा. त्या रीतसर, वेळच्या वेळी आलेल्या आहेत."

आणि पाहुण्यांनी माना डोलावल्या. खोटे हजारो फॉर्म मी अंतर ठेवून पाठवले होते, ते खरे ठरले. खरे एकसष्ट मी रागाच्या भरात एकदम फेकले, ते खोटे ठरले. मावशीची तिन्ही त्यातच होती. मीच माझ्या हातानं तिचं खरं खोटं करून ठेवलं होतं, का, तर मला त्याचा चेहरा बघायचा होता.

मी खोलीतून बाहेर आले. पाहुण्यांमध्ये एक बाई होत्या, पन्नाशीच्या, हातात वही. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "हे मी स्क्रिप्टनं पाठवले. पण त्याच्या आधीचे पण मीच पाठवलेत. दीड वर्षाचे सगळे."

"म्हणजे हे खरे आणि आधीचे खोटे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दोन्ही तुम्हीच पाठवलेत. मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?"

"माझ्यावर नका ठेवू. वेळ बघा." मी कॅन्टीनजवळच्या कॉम्प्युटरवर एक्सेल उघडलं, मावशीची ओळ दाखवली. अकरा बेचाळीस. "आता गेटवरची वही मागवा. बोटं तुटलेल्या या बाईला घेऊन गाडी किती वाजता बाहेर पडली ते बघा."

वॉचमननं वही आणली. अकरा वाजून पाच. बाईंनी दोनदा बघितलं. तो म्हणाला, "सर्व्हरची वेळ पुढे मागे असते." त्यांनी त्याच्याकडे मान सुद्धा वळवली नाही.

"हे तुम्ही लिहून द्याल?" त्यांनी मला विचारलं. मी तिथंच बसले आणि फॉर्म उघडला. टोकन नंबर माझा. प्रकार, मशीन. 'काय घडले' या रकान्यात पाचशे अक्षरांच्या वर काही मावत नव्हतं, त्यामुळे मला माझं पाप चार फॉर्ममध्ये भरावं लागलं. किल्ली कुणी फिरवली, सहा वाक्यं कुणी दिली, स्क्रिप्ट कुणी लिहिली, मावशीनं किती वेळा सांगितलं आणि मी किती वेळा 'जातंय' म्हणाले. हातानं, एकेक अक्षर. चौथ्याच्या शेवटी माझी दोन अक्षरं टाकली. चारही वेळा वेबसाईट मला धन्यवाद म्हणाली.

संध्याकाळच्या बसनं मी शेवटची घरी आले. खोट्या नोंदी केल्याबद्दल मला कामावरून काढलं, आणि ते रास्तच होतं. मावशीचा अहवाल बदलला, तिची नोकरी राहिली. आता ती स्टोअरमध्ये बसते, डाव्या हातानं नट-बोल्ट मोजून देते. प्रेसवरचे हार आता वरच्या बाजूला बांधतात म्हणे. आणि त्याला दुसऱ्या कारखान्यात पाठवलं, शाल-नारळ देऊन. तिथं तो आजही सेफ्टीचाच साहेब आहे. मी त्याच्याबद्दल जिथं जिथं लिहिता येतं तिथं लिहिलंय, आणि लिहिणार आहे. स्क्रिप्ट लागत नाही. महिन्यातून एकदा, हातानं, माझ्या नावानं.

मी आता भिंगारच्या बाजारात लोकांचे ऑनलाईन फॉर्म भरून देते. दाखले, परीक्षेचे अर्ज, कार्डांवरच्या दुरुस्त्या. प्रत्येक फॉर्म पाठवण्याआधी माणसाला मोठ्यानं वाचून दाखवते. लोक कंटाळतात, घाई करतात, मी ऐकत नाही.

मावशी प्रत्येक फॉर्मला माझ्याकडेच येते. सुप्यात दुकानं आहेत, नगरला ढिगानं आहेत, तरी दोन गाड्या बदलून भिंगारला येते. आली की उजवा हात काउंटरवर माझ्या कीबोर्डशेजारी ठेवते आणि काम होईपर्यंत उचलत नाही. परवा अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आली होती. मी नेहमीसारखी त्याच्यावर घसरले. म्हटलं, मावशी, त्या माणसाला मी सोडणार नाही, बघ तू.

ती म्हणाली, "त्याच्यावर माजा एवढा राग न्हाई."

मला खरंच धक्का बसला. "का गं?"

"त्यानं मला कदी ईचारलंच न्हवतं. त्याला मी ठाव बी न्हवते." तिनं तो हात जरासा पुढं सरकवला. "तू ईचारलंस. लिव्हून घ्येतलंस. 'जातंय' म्हनालीस. माजा राग तुज्यावर हाय."

मी विचारलं, "मग इथं का येतेस?"

"तू आता चुकायची न्हाईस म्हनून," ती म्हणाली. "वाच."

मी फॉर्म पहिल्या रकान्यापासून मोठ्यानं वाचायला लागले.